चापाचा सैल स्क्रू

वडील बंधूंनी दिलेले मौल्यवान स्विस घड्याळ परवा प्रार्थनेच्या वेळी आमच्या मनगटावरून निसटता निसटता वाचले. धातूच्या पट्ट्याच्या चापाचा इवलासा स्क्रू सैल झाला होता. नुसता आवळून भागेना. तो पुन्हा फिरे. अखेर एका जाणत्या कारागिराने उपाय सांगितला. आटे स्पिरिटने पुसून वाळू द्यावेत, सौम्य प्रतीच्या लॉकटाइटचा सुईच्या टोकाएवढा थेंब लावावा, खाचेत नेमक्या बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने आवळावे आणि एक दिवस थांबावे. १९५३ साली अमेरिकेत प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी सिद्ध केलेला हा द्रव हवेत पातळच राहतो. धातूंच्या फटीत हवा न मिळाल्यास घट्ट होतो. शिवाय पुढे स्क्रू काढताही येतो. आता दर महिन्यास आम्ही चाप तपासतो, वाचकांनीही तपासावा.