मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी पुन्हा धूसर का दिसतं? पाच मिनिटांच्या 'यॅग लेझर'ची गोष्ट

ऑपरेशन झालं तेव्हा सगळं झकास होतं. डोळ्यावरची पट्टी निघाली आणि द्राक्षाच्या वेलीवरचा एकेक मणी वेगळा दिसायला लागला. घराच्या भिंती पिवळट नाहीत, पांढऱ्या आहेत, हेही तेव्हाच कळलं. दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग हळूहळू पेपरची अक्षरं पुसट झाली. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या लाईटभोवती वलयं दिसायला लागली.

निफाड असो, दिंडोरी असो की नाशिकची पंचवटी, अशा वेळी घरात एकच वाक्य ऐकू येतं, "मोतीबिंदू परत आला."

मग कुणी डॉक्टरला दोष देतं, कुणी म्हणतं लेन्स खराब निघाली, तर कुणी "आता वय झालं" म्हणून विषय सोडून देतं. पण मोतीबिंदू परत येत नाही. मग धूसर का दिसतं?

त्यासाठी आधी ऑपरेशनमध्ये काय होतं ते बघू.

आपल्या डोळ्यात एक नैसर्गिक भिंग असतं आणि ते एका पातळ, पारदर्शक पिशवीत बसलेलं असतं. हे भिंग गढूळ होणं म्हणजे मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये पिशवीला समोरून गोल छिद्र पाडतात, आतलं गढूळ भिंग काढून टाकतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम लेन्स बसवतात. पिशवीचा मागचा भाग तसाच ठेवतात, कारण नवी लेन्स त्याच्याच आधारावर उभी राहते.

डोळ्यात लेन्स बसवण्याची सुरुवात १९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी केली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे घुसले होते आणि डोळ्याने ते सहन केले होते. त्यावरून रिडली यांना ही कल्पना सुचली. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी 'फेको' पद्धत आणली आणि ऑपरेशन दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून होऊ लागलं.

आपल्याकडे या ऑपरेशनची भीती घालवण्यात लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या डॉ. तात्याराव लहाने यांचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून काम करत त्यांनी एक लाखाहून जास्त ऑपरेशन्स केली. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बिनटाक्याच्या ऑपरेशनला लोक सर्रास 'लेझरचं ऑपरेशन' म्हणतात. पण नेहमीच्या फेकोमध्ये लेझर नसतो. त्यात अल्ट्रासाउंड म्हणजे ध्वनिलहरींनी भिंगाचे तुकडे करून ते ओढून घेतात. काही ठिकाणी ऑपरेशनचे सुरुवातीचे टप्पे फेमटोसेकंद लेझरने करतात, पण तो वेगळा आणि महागडा प्रकार आहे.

मग खरा लेझर कुठे लागतो? तो लागतो नंतर, आणि तोही सगळ्यांना नाही.

ऑपरेशनमध्ये जुनं भिंग निघालं तरी त्याच्या काही पेशी पिशवीच्या कडेला चिकटून राहतात. काही महिन्यांत किंवा वर्षांत त्या वाढतात आणि लेन्सच्या मागच्या पारदर्शक भागावर पसरतात. खिडकीच्या काचेवर बाष्प धरावं तसं होतं. डॉक्टर याला 'जाळी आली' म्हणतात. १९९८ साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं होतं की ऑपरेशननंतर पाच वर्षांत सुमारे २८ टक्के डोळ्यांत अशी जाळी येते. चौकोनी कडांच्या नव्या लेन्समुळे हे प्रमाण कमी झालंय, पण संपलेलं नाही. म्हणजे जाळी आली याचा अर्थ ऑपरेशन बिघडलं असा होत नाही.

ही जाळी ड्रॉप्सने किंवा गोळ्यांनी जात नाही, चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडत नाही. त्यावर उपाय म्हणजे यॅग लेझर. १९८० च्या सुमारास पॅरिस आणि बर्नमधल्या डॉक्टरांनी तो डोळ्यासाठी वापरात आणला. त्याआधी जाळीला छिद्र पाडायला डोळ्यात पुन्हा हत्यार घालावं लागायचं.

आता काय करतात? आधी थेंब टाकून बाहुली मोठी करतात. पेशंट नेहमीच्या तपासणीसारखाच मशीनवर हनुवटी टेकवून बसतो. डॉक्टर लाल ठिपक्याने नेम धरतात आणि लेझरचे बारीक झटके देतात. टिक-टिक असा आवाज येतो, जाळीच्या मधोमध छोटी खिडकी तयार होते आणि त्यातून प्रकाश सरळ आत जातो. चिरा नाही, टाका नाही, पट्टी नाही. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. एकदा पाडलेली खिडकी सहसा बंद होत नाही, त्यामुळे बहुतेकांना हे एकदाच करावं लागतं.

त्या दिवशी मात्र गाडी चालवू नये, कारण बाहुली मोठी असल्याने उजेड डोळ्यावर येतो. सोबत कुणीतरी असावं. काही दिवस डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतात, ते हळूहळू कमी होतात. डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं म्हणून डॉक्टर ते तपासतात आणि थोडे दिवस ड्रॉप्स देतात. बाकी दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक, दुकान, देवळात जाणं, सगळं सुरू.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचं पथ्य मात्र वेगळं आणि जास्त दिवसांचं असतं. घरोघरी गोंधळ होतो तो इथेच.

पहिली गोष्ट पाण्याची. साधारण दोन आठवडे डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. आंघोळ मानेखालून करायची आणि चेहरा ओल्या कापडाने पुसायचा. रामकुंडात डुबकी मारायची तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर ऑपरेशन ठरवणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

दुसरी गोष्ट शेताची. द्राक्षबागेतली फवारणी, कांदा भरताना उडणारी धूळ आणि फोलपटं, जनावरांचं शेण हे सगळं काही आठवडे लांब ठेवावं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा धडाका असतो. त्या काळात ऑपरेशन असेल तर बागेचं काम कुणाकडे सोपवायचं ते आधी ठरवावं. 'थंडीतच ऑपरेशन करावं' हा मात्र जुना समज आहे. आजच्या ऑपरेशनला ऋतू आडवा येत नाही.

तिसरी गोष्ट घरगुती उपायांची. मध, गुलाबपाणी, दूध, काजळ, यातलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. लिहून दिलेले ड्रॉप्स मात्र हात धुऊन, वेळच्या वेळी घालायचे. बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायचे नाहीत. डोळा चोळायचा नाही, झोपताना डॉक्टरांनी दिलेलं कवच लावायचं, जड उचलायचं नाही.

टीव्ही, मोबाईल, वाचन चालतं. खाण्याचं वेगळं पथ्य नसतं, फक्त डायबेटिस असेल तर साखर ताब्यात हवी. चष्म्याचा पक्का नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी मिळतो, म्हणून आठव्या दिवशीच दुकानात जायची घाई करू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धूसर दिसण्याचं कारण दरवेळी जाळीच असेल असं नाही. काचबिंदू असेल किंवा डायबेटिसमुळे मागचा पडदा, म्हणजे रेटिना खराब झाला असेल, तरी नजर कमी होते. यॅग लेझरने तिथे उपयोग होत नाही आणि गेलेली नजर बरेचदा परत येत नाही. म्हणून 'जाळीच असेल, बघू दिवाळीनंतर' म्हणून थांबण्यात धोका असतो.

काही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ऑपरेशननंतर डोळा दुखणं, लाली वाढणं, नजर अचानक कमी होणं ही जंतुसंसर्गाची खूण असू शकते. ऑपरेशननंतर किंवा लेझरनंतर केव्हाही विजेसारखे झटके दिसणं, काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस पडणं, एका बाजूने सावली सरकत येणं ही रेटिना सुटल्याची लक्षणं असू शकतात. असं क्वचित होतं, पण जास्त मायनस नंबर असलेल्यांना हा धोका अधिक असतो.

त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झाली असतील, तर एक साधी गोष्ट करून बघा. त्यांचा एक डोळा हाताने झाका आणि समोरचं कॅलेंडर वाचायला सांगा. मग दुसरा झाका. दोन्हीत फरक जाणवला, तर वयावर खापर न फोडता डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. कदाचित काम काही मिनिटांचंच असेल.