घरच्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलकीचा खर्ज जातो कुठे?

आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते इथे नीट लिहून ठेवतोय.

विषय एका श्रोत्याच्या मेलवरून आला. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर ढोलकी वाजवली. आता वय सत्तरीपुढे, हात फार वेळ साथ देत नाहीत. त्याने दोन्ही पुड्यांसमोर एकेक माइक लावून घरीच त्यांचं तासभर रेकॉर्डिंग केलं. शाईच्या बाजूचा आवाज खणखणीत, पण धूमच्या बाजूचा जवळजवळ नाहीच. ऐकून वडील म्हणाले, "ही माझी ढोलकी नाही." पुन्हा तासभर वाजवणं त्यांना जमणार नाही. मग आहे त्या फाइलमधून खर्ज परत मिळेल का?

उत्तर असं आहे, की खर्ज फाइलमध्ये कुठेतरी असेल तर मिळेल. म्हणून इक्वलायझरला हात लावायच्या आधी तो हरवला कुठे हे शोधायचं. आमच्या धंद्यात याला डीबगिंग म्हणतात.

पहिली तपासणी: ऐकताय कशावर?

मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा छोटा स्पीकर १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळपास देतच नाही. धूमचा मूळ स्वर साधारण त्याच पट्ट्यात असतो. त्यामुळे बऱ्यापैकी हेडफोन लावा आणि ओळखीचं एखादं ढोलकीचं गाणं आपल्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून ऐका. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तर 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा. ६० ते १२० हर्ट्झमध्ये उंचवटा दिसला, तर आवाज फाइलमध्ये आहे.

दुसरी तपासणी: ट्रॅक एकेकटे ऐका

आता धूमचा ट्रॅक एकटा वाजवा. मग दोन्ही एकत्र. एकट्यात खर्ज आहे आणि एकत्र केल्यावर पातळ होतोय? मग चोर सापडला समजा. याला म्हणतात पोलॅरिटी.

होतं काय बघा. धूमवर थाप पडली की ती पुडी आत जाते. आतली हवा दाबली जाते आणि समोरची पुडी बाहेर ढकलली जाते. म्हणजे एका माइकपासून पुडी लांब जातेय, त्याच वेळी दुसऱ्या माइककडे पुडी येतेय. एकाची लहर खाली, दुसऱ्याची वर. दोन्हींची बेरीज केली की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या स्वरांच्या लहरी आखूड असतात, त्यांची इतकी सरळ वजाबाकी होत नाही. म्हणून शाई शाबूत आणि धूम गायब!

उपाय एका क्लिकचा. कुठलाही एक ट्रॅक निवडा आणि 'इन्व्हर्ट' करा. लहर उलटी होते, बाकी काही बदलत नाही. खर्ज भरला तर ठेवा, आणखी पातळ झाला तर परत फिरवा. निकाल कानाने लावायचा, कारण माइक कुठे आणि कसे ठेवलेत यावर बरंच अवलंबून असतं.

तिसरी तपासणी: एकट्या ट्रॅकमध्येही खर्ज नाही

मग गडबड रेकॉर्डिंगच्या वेळची. नेहमीची कारणं तीन.

१. लो-कट बटण. बऱ्याच माइकवर आणि इंटरफेसवर ते असतं. पंख्याची घरघर कापायला दिलेलं, पण धूमही कापतं. मोबाइलवर रेकॉर्ड केलं असेल, तर बोलणं स्पष्ट करणारी सेटिंगं हाच उद्योग करू शकतात.

२. माइक लांब. कार्डिऑइड माइक जवळ नेला की खर्ज आपोआप वाढतो. धूमपासून १० ते १५ सेंटीमीटर, किंचित तिरका ठेवा, म्हणजे हवेचा झोत थेट बसत नाही.

३. खोली. ८० हर्ट्झची लहर सव्वाचार मीटरहून थोडी लांब असते. तिचा पाव भाग म्हणजे साधारण साडेतीन फूट. माइकमागे एवढ्याच अंतरावर भिंत असेल, तर तिथून परतणारी लहर मूळ लहरीच्या उलटी पोचते आणि तो स्वर खाते. खोलीचा बरोबर मध्यही टाळा, तिथे काही खालचे स्वर कमजोर पडतात. आणि भिंतीला पातळ फोम किंवा गोधडी लावून खर्ज सुधारत नाही. त्याने फक्त वरचा चुरचुरीतपणा कमी होतो.

आता दुरुस्ती

मूळ फाइलची कॉपी करून मगच काम करा. आधी २०० ते ४०० हर्ट्झमध्ये २–३ डेसिबल कमी करा. डबा वाजवल्यासारखा आवाज तिथे साचतो, तो हटला की खर्ज आपोआप मोकळा वाटतो. मग ८० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल वाढवा. सरसकट १० डेसिबल वाढवू नका. ६ डेसिबल वाढवले तरी लहरीची उंची दुप्पट होते, आवाज फाटायला लागतो आणि पंख्याची घरघरही वर येते.

मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी एक युक्ती. धूमच्या ट्रॅकला हलकं सॅच्युरेशन द्या. त्याने ८०च्या पटीतले १६०, २४० असे स्वर तयार होतात. छोटा स्पीकर ८० वाजवत नाही, पण वरचे हे स्वर ऐकून आपला मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो.

फाइलमध्ये मुळातच खर्ज नसेल, तर मात्र इक्वलायझर वाढवणार कशाला? अशा वेळी अख्खा तास पुन्हा वाजवून घ्यायचा हट्ट नको. वर सांगितलेल्या जागी माइक ठेवून धूमच्या पाच-सहा सुट्या थापा घ्या, हलक्या-जड दोन्ही, आणि मूळ थापांखाली बारीक आवाजात बसवा. लय आणि हात मूळ वाजवणाऱ्याचेच राहतात.

पुढचं रेकॉर्डिंग करण्याआधी दोनच मिनिटं वाजवून घ्या आणि दोन्ही ट्रॅक एकत्र करून हेडफोनवर ऐका. पावसाळ्यात तर नक्कीच. दमट हवेत कातडं सैलावून सूर उतरतो, आणि उतरलेली पुडी सॉफ्टवेअरमध्ये चढवण्यापेक्षा ढोलकीवर चढवणं कधीही सोपं.

तुमच्या खोलीची मापं आणि माइकची जागा लिहून पाठवा. पुढच्या भागात त्यातली दोन-तीन उदाहरणं घेऊन बोलू.