संगणकाच्या तासात खेळाचे स्थान

संगणक हा विषय यंत्रासमोर बसूनच शिकविता येतो, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. या समजुतीपायी पावसाळ्यात वीज गेली म्हणजे तास बुडतो. वीज असली तरी एका यंत्राभोवती सारा वर्ग गोळा होतो, आणि कळफलक मात्र ज्याच्या घरी मोबाइल आहे त्याच्याच हाती राहतो. मागे उभ्या राहिलेल्या ठाकूर वा कातकरी वाडीवरील मुलास हा विषय आपला नव्हे असे वाटू लागते. कर्जत-खालापूरच्या शिक्षकबंधुभगिनींनी या मुलाचा विचार प्रथम करावा.

न्यूझीलंडमधील टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात यंत्राविना संगणकशास्त्र शिकविणारे खेळ रचले. त्यांतील एक असा : पुठ्ठ्याचे पाच पत्ते कापावेत. (पत्ते म्हटले की काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील, त्यांना खेळ पाहावयास बोलवावे.) पत्त्यांच्या एका बाजूस अनुक्रमे १, २, ४, ८ व १६ ठिपके काढावेत; दुसरी बाजू कोरी असावी. पाच मुले वर्गाकडे तोंड करून ओळीत उभी करावीत. वर्गाच्या उजवीकडे १ ठिपक्याचा पत्ता, तेथून डावीकडे चढत जावे. शिक्षकांनी संख्या सांगावी. तितकेच ठिपके दिसतील असे पत्ते मुलांनी धरावेत. १९ म्हटले की १६, २ व १ उघडे राहतील. उघड्यास १ व झाकलेल्यास ० लिहिले की फळ्यावर १००११ उमटते. संगणक संख्या याच रीतीने साठवितो. ० ते ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या या पाच पत्त्यांत बसते, आणि तीही एकाच प्रकारे. सहाव्या पत्त्यावर किती ठिपके हवेत, हे मात्र शिक्षकांनी सांगू नये. ‘दुप्पट’ हा शब्द मुलांच्या तोंडून यावयास हवा. त्यास दोन तास लागले तरी चालेल.

दुसरा खेळ अंगणाचा. १९६७ साली सेमूर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातील कासव पुढे प्रसिद्ध झाले. आपल्या अंगणात एका मुलाने कासव व्हावे. इतरांनी ‘दोन पावले पुढे’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञा आधी पाटीवर लिहाव्यात. कासवाने लिहिले असेल तेवढेच करावे, पदरची भर घालू नये. ते भिंतीवर गेले तर हशा पिकेल, पिकू द्यावा. परंतु चूक कासवाची नसून आज्ञेची आहे, आणि ती कोणत्या ओळीत आहे, हे मुलांकडूनच शोधून घ्यावे.

यंत्राच्या भागांची नावे पाठ करवून बक्षिसे वाटणे, यास प्रस्तुत लेखक खेळ म्हणणार नाही. त्यात गोडी बक्षिसाची असते, विषयाची नव्हे.

यानंतर यंत्र हाती आले म्हणजे २००७ पासून विनामूल्य मिळणारे ‘स्क्रॅच’ घ्यावे. एकदा उतरवून घेतल्यावर ते इंटरनेटविनाही चालते. तेथील मांजरास पहिली आज्ञा मागच्या रांगेतील मुलाने द्यावी.