खोक्यावरचं ‘फोर-के’ आणि राळेगणची टेकडी

राळेगणसिद्धीला पाणलोटाची कामं पाहायला लांबलांबचे शेतकरी येतात. नालाबांध, पाझर तलाव, उतारावरचे समतल चर परतल्यावर आपल्या गावाला दाखवायचे असतात. ‘मग घेऊन टाकू तीन-चार हजारांचा खिशातला कॅमेरा, फोर-के आहे म्हणे!’ घ्यायला हरकत नाही, पण खोक्यावर विसंबून नको.

खऱ्या फोर-के चित्राच्या एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू लागतात. फुल एचडीला जेमतेम २१ लाख. स्वस्तातले बरेच कॅमेरे कमी बिंदूंचं चित्र टिपतात आणि ताणून मोठं करतात. तपशिलात ‘इंटरपोलेटेड’ शब्द दिसला की समजावं. त्यापेक्षा प्रामाणिक फुल एचडी केव्हाही बरं.

झूमचंही तसंच. या किमतीतला झूम बहुधा डिजिटल असतो. तो चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो. तलावाच्या बांधावर उभं राहून टेकडीवरचे चर जवळ आणता येणार नाहीत, चढूनच जावं लागेल. उलट, मुठीतली ओली माती वीतभर अंतरावरून टिपायला जाल तर ती पुसट येईल, कारण अशा कॅमेऱ्यांचा फोकस बहुतेक वेळा कायमचा ठरलेला असतो.

सगळ्यात मोठा गैरसमज आवाजाचा. डिसेंबर २०१३ मध्ये अण्णा हजारे लोकपालसाठी राळेगणच्याच यादवबाबा मंदिराच्या आवारात उपोषणाला बसले, तेव्हा घरोघरी टीव्हीवर त्यांचा शब्द न् शब्द कळत होता. त्याचं श्रेय महागड्या भिंगाला नव्हे, तोंडापुढे धरलेल्या माइकांना. खिशातल्या कॅमेऱ्याचा माइक कॅमेऱ्यातच असतो. बोलणारा दहा पावलांवर गेला की माळावरचा वारा जिंकतो, आणि जलरोधक कवच चढवलं तर आवाज आणखी दबतो. म्हणून बाहेरचा माइक जोडायची सोय आधी पाहा. ती नसेल तर बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. नंतर आवाज आणि चित्र त्या टाळीवर जुळवता येतं.

उन्हात चांगलं दिसणारं चित्र संध्याकाळच्या ग्रामसभेत रवाळ होतं. छोट्या सेन्सरवर प्रकाशच कमी पडतो. दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसले तर कॅमेरा बिघडला असं समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, तेव्हा सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ आणि सेकंदाला २५ किंवा ५० चौकटी निवडा.

सेकंदाला १६ मेगाबिट वेगाने तासभराचं चित्रण साधारण सात जीबी होतं. ३२ जीबीच्या कार्डावर चारेक तास मावतात. फाइलचे तुकडे पडले तर तो दोष नव्हे, ४ जीबीपुढची फाइल अनेक कार्डांची रचना घेतच नाही.

घरात बरा फोन असेल तर माझ्या मते वेगळा कॅमेरा घेऊच नये, ते पैसे माइकवर घालावेत. अमेरिकेत एका बटणावर चालणारा ‘फ्लिप’ कॅमेरा खूप खपला. सिस्को कंपनीने २००९ मध्ये तो विकत घेतला आणि २०११ मध्ये बंदही केला. तोवर फोनमध्येच बरं चित्रीकरण होऊ लागलं होतं.

तरीही घ्यायचाच असेल, तर आपलं कार्ड दुकानात न्या. दोन मिनिटं आत, दोन मिनिटं रस्त्यावर बोलत चित्रण करा आणि ते कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर न पाहता घरच्या टीव्हीवर लावून, आवाज मोठा करून पाहा. पैसे त्यानंतर द्या.