टायरच्या तळव्यावरची नक्षी

पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानापुढे जुन्या टायरांची चळत रचलेली असते. पुढच्या वेळी सायकलमध्ये हवा भरायला जाल तेव्हा घाई करू नका. त्या टायरांचे तळवे नीट पाहा. सायकलच्या टायरवर बारीक रेघा दिसतील. मोटारीच्या टायरवर घेराभर धावणारे लांब चर आणि त्यांना फुटलेल्या आडव्या फटी दिसतील. ट्रॅक्टरचा मागचा टायर तिथे असलाच, तर त्याच्यावर जाडजूड तिरके दांडे आणि दोन दांड्यांच्या मध्ये हात सहज जाईल एवढी मोकळी जागा. सगळे टायर रबराचेच, सगळ्यांत हवाच भरलेली. मग नक्षी इतकी निराळी का?

हा प्रश्न आज अनेक घरांत रोख पैशांचा होऊन बसला आहे. जीपच्या वळणाच्या उंच मोटारी, ज्यांना ‘एस.यू.व्ही.’ म्हणतात, आता गावोगाव दिसतात. त्यांचे टायर झिजले की दुकानदार तीन प्रकार सांगतो. ‘एच.टी.’ म्हणजे पक्क्या रस्त्याचा, ‘एम.टी.’ म्हणजे चिखलाचा आणि ‘ए.टी.’, म्हणजे ‘ऑल टेरेन’, दोन्हीकडे चालणारा. हे तिसरे नाव ऐकताच मन तिकडे ओढले जाते. सगळीकडे चालणारी वस्तू कोणाला नको असते? पण सगळीकडे चालणे वेगळे आणि सगळीकडे सारखेच चांगले चालणे वेगळे.

समजा, सातारा शहरात एक कुटुंब राहते. त्यांची गाडी रोज शाळा, कचेरी, बाजार अशी फिरते आणि महिन्यातून दोनदा उंब्रजवरून पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या गावी जाते. त्या वाटेचे शेवटचे चार किलोमीटर खडीचे आणि तांबड्या मातीचे आहेत. गाडी महिन्याला एकूण हजार किलोमीटर चालते. त्यांत कच्च्या वाटेचे किती? जाऊन-येऊन आठ, दोन खेपांचे सोळा. उरलेले ९८४ किलोमीटर डांबर आणि काँक्रीट! पण पावसाळ्यात नेमके तेच सोळा किलोमीटर गाडी अडवून धरतात. शिवाय मागच्या आसनावर आजी बसतात आणि त्यांची पाठ दुखरी आहे. या कुटुंबाने कोणता टायर घ्यावा? उत्तर देण्यापूर्वी टायर नेमके काय काम करतो ते पाहू.

कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी घ्या आणि तेवढ्या बाजूचा चौरस कागदावर काढा. आता हिशेब करा. गाडीचे वजन २,००० किलोग्रॅम धरले, तर प्रत्येक चाकावर साधारण ५०० किलोग्रॅम भार येतो. टायरमध्ये ३२ पौंड हवा भरली असे आपण म्हणतो, तेव्हा तिचा दाब दर चौरस इंचाला ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोग्रॅम असतो. ५०० ला सव्वादोनने भागा. उत्तर येते सुमारे २२२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तुम्ही काढलेला तो चौरस! टायरच्या बाजूंचा ताठपणाही थोडा भार उचलतो, म्हणून हा हिशेब ढोबळच समजावा. पण एवढ्या मोठ्या गाडीचे थांबणे, वळणे आणि धावणे अशा चार चौरसांवर अवलंबून असते, हे मात्र अगदी खरे.

टायरची सगळी कारागिरी या चौरसात आहे. त्यात रबर किती ठेवायचे आणि मोकळी जागा किती? कोरड्या डांबरावर जितके जास्त रबर टेकेल तितके चांगले. म्हणून शर्यतीच्या मोटारी कोरड्या दिवशी अगदी गुळगुळीत टायरांवर धावतात. पाऊस पडला की मात्र रस्त्यावरच्या पाण्याला चाकाखालून निघून जायला वाट हवी. ती वाट म्हणजे ते लांब चर. चर झिजून उथळ झाले की वेगात असताना पाणी पुरेसे बाहेर पडत नाही, टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो आणि सुकाणू फिरवूनही गाडी वळत नाही.

चिखलात गोष्ट आणखी पालटते. तिथे घर्षणाच्या भरवशावर राहून भागत नाही. टायरच्या ठोकळ्यांनी मातीत रुतून, तिला मागे रेटून पुढे जायचे असते. नावाडी वल्ह्याने पाणी मागे लोटतो तसे. त्यासाठी ठोकळे उंच हवेत आणि त्यांच्यामधल्या खाचा रुंद हव्यात. शिवाय खाचांत भरलेली माती चाक फिरताना बाहेर फेकली गेली पाहिजे, नाहीतर पुढच्या फेऱ्याला रुतायला काहीच उरत नाही. चिखलाच्या टायरावर एवढी मोकळी जागा असते ती याचसाठी. सर्व वाटांचा टायर या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो.

मग उंच ठोकळे आणि रुंद खाचा सर्वांनाच का देत नाहीत? एक प्रयोग करा. सारखे दोन मोठे खोडरबर घ्या. त्यांपैकी एकाच्या खालच्या बाजूने, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, ब्लेडने निम्म्या उंचीपर्यंत चार-पाच आडव्या चिरा पाडा. आता दोन्ही खोडरबर टेबलावर दाबून धरा आणि पुढे ढकला. अखंड खोडरबर ताठ राहतो. चिरलेल्याचे तुकडे मात्र मागे वाकतात, हलतात, वळवळतात. उंच ठोकळ्यांचा टायर डांबरी रस्त्यावर असाच वळवळतो. वळणावर गाडी किंचित उशिरा वळल्यासारखी वाटते. प्रत्येक ठोकळा जमिनीला टेकताना वाकतो आणि सुटताना सरळ होतो. वाकवण्यात खर्चलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. उरलेली उष्णता बनते आणि तिची किंमत आपण इंधनात मोजतो. घाटातल्या ओल्या डांबरावर ब्रेक लावला, तर चिखलाच्या टायराची गाडी बहुधा अधिक अंतर जाऊन थांबते. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चिखलात अडकलेली गाडी दोरीने ओढून काढता येते, पण घाटात वेळेवर न थांबलेल्या गाडीचे काय करणार?

आता आवाज. एक फणी घ्या आणि तिच्या दातांवरून अंगठ्याचे नख भराभर फिरवा. ‘झर्रर्’ असा सूर निघतो. नख जितके वेगाने, तितका सूर उंच. टायरचे ठोकळे म्हणजे फणीचे दातच! २४५/७५ आर १६ या मापाच्या टायराचा व्यास सुमारे ७७ सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे २.४ मीटर भरतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते आणि चाकाचे नऊ फेरे होतात. घेरात समजा ६० ठोकळे आहेत. म्हणजे सेकंदाला साडेपाचशेच्या आसपास थपडा. ही कंपनसंख्या कानाला स्वच्छ ऐकू येते आणि तास-दोन तासांच्या प्रवासात ती डोके उठवते.

यावर टायर बनवणाऱ्यांनी शोधलेली युक्ती मोठी मजेदार आहे. ते सगळे ठोकळे सारख्या लांबीचे ठेवीतच नाहीत. एक आखूड, दोन मध्यम, एक लांब, पुन्हा मध्यम, अशी जाणूनबुजून अनियमित रांग लावतात. त्यामुळे थपडा ठरावीक अंतराने पडत नाहीत, एकच सूर घुमत नाही. अनेक सुरांची मंद सरमिसळ होते आणि ती कानाला कमी टोचते. दात पडलेली जुनी फणी घरात असेल, तर तिच्यावर नख फिरवून फरक ऐका. दुकानातही ही परीक्षा करता येते. टायरच्या घेरावर बोट फिरवीत चला आणि ठोकळ्यांच्या लांबीत फरक आहे का पाहा. मधल्या पट्ट्यातले ठोकळे एकमेकांच्या जवळ, जवळजवळ जोडलेले असतील आणि मोठ्या खाचा फक्त कडांना असतील, तर असा ए.टी. टायर रोजच्या वापराला शांत असतो. ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा असाव्यात. त्यांच्या कडा ओल्या रस्त्यावर पकड देतात.

आवाजानंतर पाठीचा प्रश्न. खड्ड्याचा धक्का आधी टायर गिळतो, मग स्प्रिंग. मघाच्या मापातला ७५ हा आकडा पाहा. टायरच्या रुंदीच्या ७५ टक्के उंची त्याच्या बाजूला आहे, म्हणजे २४५ मिलिमीटरच्या ७५ टक्के, सुमारे १८४ मिलिमीटर. त्याऐवजी २५५/६० आर १८ घेतला, तर ही उंची १५३ मिलिमीटरच राहते. लोखंडी चाक जितके मोठे, तितकी हवेची गादी पातळ. मोठी चाके दिसायला ऐटदार असतात, एवढेच!

दुसरी गोष्ट सांगाड्याची. मापाच्या आधी ‘एल.टी.’ अशी अक्षरे असली, तर तो हलक्या मालमोटारींसाठी केलेला टायर. त्याचा सांगाडा जाड, वजन जास्त आणि तोच भार उचलायला त्याला हवाही अधिक दाबाची लागते. मजबूत म्हणून लोक तो आवडीने घेतात आणि मग गाडी आदळते म्हणून कुरकुरतात. खरे तर साध्या टायरावरचा भाराचा आकडाच पुरेसे सांगतो. १११ हा आकडा असेल, तर तो टायर १,०९० किलोग्रॅम भार पेलतो. चार टायर मिळून ४,३६० किलोग्रॅम! आपल्या सातारच्या कुटुंबाला याहून ताठ सांगाड्याची गरज नाही. दगडधोंड्यांच्या वाटेवर रोज माल वाहणाऱ्याची गोष्ट वेगळी.

गाडी मऊ चालावी म्हणून काही जण हवाच कमी ठेवतात. हे मात्र धोक्याचे आहे. कमी हवेच्या टायराच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, तापतात आणि भर वेगात टायर फुटू शकतो. हवा मोजायची ती गार टायरातली. का ते वायूंच्या नियमावरून काढता येईल. मोजणी-यंत्र ३२ पौंड दाखवते तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब, बाहेरचे १४.७ मिळवले की खरा दाब ४६.७ होतो. धावून टायरातली हवा २५ अंशांवरून ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, म्हणजे निरपेक्ष तापमान २९८ चे ३२८ झाले, तर दाबही त्याच प्रमाणात वाढून सुमारे ५१.४ होईल आणि यंत्र ३६.७ दाखवील. ‘हवा जास्त झाली’ म्हणून कोणी ती सोडली, की गार झाल्यावर टायर उपाशी! योग्य दाब किती, हे गाडीच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर बहुधा लिहिलेले असते.

वाट कोणत्या मातीची, हेही विचारलेच पाहिजे. कोकणातला जांभा, घाटमाथ्यावरची मुरमाड तांबडी माती, खडी, ओढ्यातले गोटे, इथे ए.टी. टायर आपले पैसे वसूल करून देतो. पण सोलापूर-परभणीकडच्या काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर उतरलात, तर त्या चिकट मातीने खाचा दोन-चार फेऱ्यांतच लिंपून जातात आणि नक्षीदार टायर गुळगुळीत गोळा होतो. तिथे चिखलाचा टायरही पुष्कळदा हात टेकतो. शहाणा चालक गाडी बांधावर ठेवून पायी जातो.

तेव्हा आपल्या कुटुंबाची वाट खडीची आणि तांबड्या मातीची असल्यामुळे त्यांना ए.टी. शोभेल. पण तो सौम्य नक्षीचा, मधला पट्टा भरीव असलेला, साध्या सांगाड्याचा आणि गाडीच्या मूळ मापाचाच असावा. एखाद्याची वाट बारमाही डांबरी असेल, तर त्याने एच.टी. घ्यावा, उगाच आवाज आणि इंधन का सोसायचे? माप बदलून मोठा टायर बसवला, तर आणखी एक घोटाळा होतो. व्यास तीन टक्क्यांनी वाढला, की वेगदर्शक काटा ६० दाखवीत असताना गाडी खरोखर जवळजवळ ६२ ने धावत असते.

भारतात २०२२ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून टायरांचे तीन गुण कसोटीला लावण्याची तरतूद झाली: चाक फिरताना होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. आपण खोडरबर, पाण्याचे चर आणि फणी यांवरून जे पाहिले तेच हे तीन गुण.

नवे टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्काही वाचावा. ‘३५२४’ असेल, तर तो टायर २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. चरांच्या तळाशी लहान उंचवटे दिसतील. झिजत झिजत नक्षी त्यांच्या बरोबरीला आली, की चराची खोली १.६ मिलिमीटरच उरली आणि टायर बदलायची वेळ आली असे समजावे. ए.टी. टायरांचे ठोकळे एका कडेने अधिक झिजून पुढे आवाज वाढवतात. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची-मागची चाके आपसांत बदलून घेतात. त्याच वेळी मागच्या दाराला टांगलेल्या किंवा गाडीखाली लपलेल्या पाचव्या चाकाची हवाही पाहून घ्यावी.