लॅपटॉप बिघडला, वॉरंटी शिल्लक आहे. आता काय करायचं?



शालार्थचं काम, यू-डायसची माहिती, प्रश्नपत्रिका, मुलांचा शिष्यवृत्तीचा सराव, सगळं आता लॅपटॉपवर आलं आहे. तोच एक दिवस सुरू व्हायचा बंद होतो. वॉरंटी शिल्लक असते, पण आपल्या लिंबागणेशसारख्या गावात कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठलं? बीड गाठा, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगर. दोन खेटे झाले की माणूस कंटाळतो आणि पदरचे पैसे घालून बाहेरून दुरुस्ती करून घेतो. बहुतेकांची वॉरंटी अशीच वाया जाते. खरं तर वॉरंटीचं काम तोंडी बोलण्यावर चालतच नाही, ते लिहून ठेवलेल्या गोष्टींवर चालतं. आणि लिहिणं तर आपल्या रोजच्या सवयीचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. वॉरंटी म्हणजे नवीन लॅपटॉप मिळणार असं नाही. बिघडलेला भाग ठरलेल्या मुदतीत मोफत दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं ते वचन असतं. त्यातही दोन प्रकार. एकात माणूस घरी येतो, म्हणजे ऑनसाइट. दुसऱ्यात मशीन आपण नेऊन द्यायचं. ऑनसाइट लिहिलेलं असलं तरी आपल्या पिनकोडला सेवा आहे का, हे खरेदीपूर्वीच विचारलेलं बरं. बॅटरीची मुदत पुष्कळदा मशीनपेक्षा कमी असते, तीही बघून घ्या.

फोन लावण्यापूर्वी बिल आणि सिरियल नंबर हाताशी ठेवा. नंबर लॅपटॉपच्या पाठीवर आणि खोक्यावर छापलेला असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की वॉरंटी कधी संपते ते दिसतं. कधीकधी तिथली तारीख बिलापेक्षा आधीची निघते, कारण ती कारखान्यातून माल निघाल्याची असते. अशा वेळी बिलाची प्रत पाठवून तारीख दुरुस्त करून मागा. जीएसटीत सवलत मिळते म्हणून मेव्हण्याच्या दुकानाच्या नावावर बिल करण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ती टाळा. उद्या वाद झाला, तर 'ग्राहक कोण' आणि 'खरेदी धंद्यासाठी होती का' इथूनच सुरुवात होते. बिल न देणं ही तर कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तक्रार लिहिताना प्रयोगवही आठवा. आपण मुलांना सांगतो ना, निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर? इथेही तसंच. 'लॅपटॉप चालत नाही' किंवा 'मदरबोर्ड गेलाय' असं लिहू नका. असं लिहा: 'सोमवारपासून पॉवरचं बटण दाबल्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर काही दिसत नाही. एचडीएमआय वायरने टीव्ही जोडला, तर त्यावरही दिसत नाही.' या एका वाक्याने समोरच्याला खूप कळतं. टीव्हीवर चित्र आलं असतं तर दोष बहुधा स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. नाही आलं, तर संशय रॅम वा मदरबोर्डवर जातो. फोनवरचा माणूस चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायला सांगेल. आधी केलं असलं तरी पुन्हा करा. त्याला त्याचा तक्ता भरायचा असतो. शेवटी तक्रार क्रमांक घ्या आणि सगळं ईमेलने पाठवा. बाजारातल्या कुणाकडून लॅपटॉप मात्र उघडून घेऊ नका. नंतर 'आधीच छेडछाड झाली आहे' असा शेरा बसला, तर तो खोडणं अवघड जातं.

आता डेटाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण फारसं कुणी हे सांगत नाही. तुमच्या फायलींची जबाबदारी वॉरंटीत नसते. शिवाय विंडोजच्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते. या सोयीला बिटलॉकर म्हणतात. कुलपाची चावी मदरबोर्डशी बांधलेली असते. मदरबोर्ड बदलला की डिस्क जुनीच असली तरी संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर फायली गेल्या. पुष्कळदा ही की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप चांगला चालतोय तेव्हाच ती वहीत उतरवून ठेवा, आणि निकालपत्रकांची एक प्रत पेनड्राइव्हवर असू द्या.

मशीन जमा करताना मोबाइलवर चारही बाजूंचे फोटो काढा. जॉब शीट घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तिच्यावर सिरियल नंबर, तुम्ही सांगितलेला दोष, सोबत दिलेला चार्जर आणि 'बाहेरून तडा नाही' हे लिहिलेलं आहे का, ते वाचूनच सही करा.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते 'सीआयडी'वरून. टीव्हीवरची नव्हे, 'कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज', म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. पाणी सांडणं, पडणं, विजेच्या झटक्याने जळणं हे बहुतेक वॉरंटीत बसत नाही. लॅपटॉपच्या चार्जरवर साधारण १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, म्हणून नेहमीचं कमी-जास्त दाब तो सहन करतो. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा मात्र पिन काढून ठेवणंच शहाणपणाचं. पण झटका बसलाच नाही आणि तरी नकार आला, तर 'कारण लेखी द्या, जळालेल्या भागाचा फोटो द्या' असं ईमेलवर मागा. तोंडी नकार हा नकार समजूच नका.

तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं. ते कोर्ट नव्हे, ते कंपनीला हुकूम देत नाहीत. पण तक्रार कंपनीकडे पाठवतात, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच हालचाल होते.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. १९८६च्या जुन्या कायद्यात, कंपनीचं कार्यालय किंवा शाखा जिथे आहे, किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे जावं लागायचं. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९च्या कायद्याने यात मोठा बदल केला. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथेही तक्रार करता येते. म्हणजे लॅपटॉप ऑनलाइन मागवलेला असो आणि कंपनी बंगळुरूची असो, लिंबागणेशचा माणूस बीडच्या आयोगात जाऊ शकतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. अर्जासोबत बिल, ईमेल, जॉब शीट आणि फोटो जोडायचे असतात.