उडी मान्य?

कोयनानगरचा पाऊस एकदा लागला की घरबशा छंद हवाच. मी मराठीचा प्राध्यापक, पण फावल्या वेळात मोबाईलवरचे खेळ रचीत बसतो! सध्या नवकंकरी घेतली आहे. एकात एक 3 चौकोन, 24 घरे, प्रत्येकाचे 9 खडे. आपले 3 ओळीने लागले की समोरच्याचा एक उचलायचा. महाराष्ट्रातल्या लेण्यांत, देवळांच्या फरशांवर हा पट कोरलेला आढळतो. पण दगडावर पट असतो, नियम नसतात! तीनच खडे उरलेल्याने हव्या त्या घरात उडी घ्यावी का? कुणी हो म्हणतो, कुणी नाही. ओट्यावर हा तंटा भांडून मिटे. यंत्राला उत्तर आधी हवे. मी एकच नियम घातला, तर मुले तोच खरा मानतील, दुसरा मरेल. म्हणून माझा खेळ आधी विचारतो, 'उडी मान्य?' दोघांचे एकमत झाल्याखेरीज पट उघडतच नाही.